न बुजलेली रेघ

(फोनवर. भाची प्रयोगशाळेत, मावशी घरी.)

भाची : रेघ बुजली नाही हे खरंय गं मावशी, पण पुढचं ऐक ना, मध्ये बोलू नकोस.

मावशी : मी कुठे बोलतेय? तुझी गाडी सुटली की मध्ये स्टेशनच लागत नाही.

भाची : आपण बशीत कॅन्सरच्या पेशी वाढवतो, तुला झाला त्याच, स्तनाच्या. मग त्यांच्या थरात बारीक रेघ ओढतो. पेशी सरकत सरकत ती बुजवतात, अंगात पसरतात तशा. तुझ्या कुंडीतल्या पाल्याचा अर्क घातला, तर जागच्या हलल्या नाहीत. इथवर तुला सांगितलेलं.

मावशी : तोंडपाठ आहे. वरच्या मजल्यावरचीलाही ऐकवून झालं.

भाची : हां, तर तो अर्क काढतो अल्कोहोलमध्ये. शेजारी तुलनेला पेशींवर नुसतं अल्कोहोल घातलेली बशी लावायची असते, ती मी घाईत लावलीच नव्हती. आता लावली. तिच्यातही रेघ तश्शीच.

मावशी : म्हणजे?

भाची : म्हणजे पाल्याने काही केलं नाही. माझ्याकडून अल्कोहोल जास्त पडलं, त्यानेच पेशी गारद. कमी करून बघितलं, तर अर्क असूनही रेघ बुजली.

मावशी : बरं.

भाची : बरं काय? शिव्या तरी घाल. मावशी, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू आहेत ना?

मावशी : हाडं ठणकतात त्यांनी.

भाची : मी ते नाही विचारलं.

मावशी : सकाळी पाल्याचा काढा घेते. तूच म्हणालीस, हलत नाहीत म्हणून.

भाची : बशीत गं. बशीत म्हणाले मी. गोळ्या बंद कधीपासून?

मावशी : तुझा तो फोन आला तेव्हापासून.

भाची : अगं काय हे. डॉक्टरांना मी आत्ता फोन करते. उद्या येते, दोघी जाऊ.

मावशी : तू येशील?

भाची : येते म्हटलं ना.

मावशी : ऑपरेशन झालं, मग तुझा फोन आला तर आला. मी पाला पाठवला आणि फोन रोज यायला लागला. आज रेघ अशी, आज रेघ तशी. काढा कडू जहर होता, पण पिताना वाटायचं, कुणीतरी आपल्यापायी खपतंय.

भाची : मावशी...

मावशी : घेईन गोळ्या. डॉक्टर म्हणतील तशा. कुंडीला पाणी घालू की नको आता?

भाची : घाल ना. फक्त काढा नको.

मावशी : नाही करत. झाड राहू दे, सकाळी बोलायला तेवढंच आहे घरात.