कार्बोरेटरचा बिघाड

घरीच गाडी दुरुस्त केल्याने माणूस स्वावलंबी होतो, असं मी मानत असे. मग हिंगणघाटच्या माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानात प्रभाकरराव गल्ल्यापुढे उभे राहिले.

"भैय्याजी, कार्बोरेटरचं गॅस्केट द्या."

"पुन्हा? तुमच्या पोराची, निकेशची डर्ट बाइक तं मागच्याच महिन्यात सुरू झालती न?"

"झालती. मंग मीच बिघडवली."

"काऊन?"

"बंद असली का तो पुण्याहून रोज व्हिडिओ कॉल करते. म्हणते, बाबा, हा स्क्रू आवळा. चालू झाली का महिनाभर फोन नाई."

"अन् तुम्ही आवळता?"

"ढिला करतो."

"काल त्यानं मलेच फोन केलता. म्हणे, बाबाले जमून नाई राह्यलं, मिस्त्री पाठवा."

"तुम्ही काय म्हटलं?"

"उद्या दहा वाजता मिस्त्री येऊन राह्यला."