नंबर नसलेला खिळा

माणिकराव : ...अन् त्या बाईनं दार उघडलं, तं आत दोरीवर परक्या मान्साचं धोतर! किंचाळली ना थे! आठ नंबर तुह्या टीव्हीवर हिरवागार होता. रिकामा म्हनून मी चावी देऊन मोकळा.

रेवती : काका, पाहूनच राह्यली ना मी. पाच मिनिटं द्या.

माणिकराव : पाह्य, पाह्य. शिडी आनून ठेवली हाय. चार वाजता तुहा टीव्ही खाली अन् काउंटरमागची माही चाव्याइची पाटी वर. तीस वर्सं झाली या लॉजमंदी, एक खोली दोघाइले देल्ली नाई म्या.

प्रेमला आत्या : रेवती, अकरावीतल्या पोरीच्या हाती लॉजचा हा टीव्हीवरचा बोर्ड दिला म्हणून तुझा बापच मला हसला होता. आज गुरुवार, दर्शनाची गर्दी. चारपर्यंत मेहकरचे अकरा जण येतील. तोवर बोर्ड सुधारला तर ठीक, नाही तर मी माणिकरावांचं ऐकेन.

रेवती : सापडलं! आत्या, सापडलं!

प्रेमला आत्या : हळू. पाहुणे झोपलेत.

रेवती : आठ नंबरवाले दर्शनाला गेले, जाताना चावी काउंटरवर ठेवून. पण सकाळीच फोनवरून त्यांनी एक दिवस वाढवून घेतला. बुकिंग कंपनीकडून बोर्डाला निरोप आला, ‘मुक्काम वाढवला’. हा शब्द कंपनीनं याच आठवड्यात काढला! माझ्या किटला चारच शब्द माहीत : रिकामी, भरलेली, सफाई, बंद.

माणिकराव : किट म्हंजे काय वं?

रेवती : कंपनीनं दिलेला तयार कोड, काका. कंपनीचा कॉम्प्युटर दूर कुठं तरी, आपला बोर्ड इथं. दोघांच्या मधला दुभाषी समजा.

माणिकराव : मंग दुभाष्या लबाड निंगाला.

रेवती : नाही ना! तेच तर! तो बिचारा सांगून राह्यला होता, ‘हा शब्द मले कळला नाही’. आणि मी लिहून ठेवलं होतं की कळला नाही तर यादीतला पहिला धर. पहिला कोणता? रिकामी! चूक माझी आहे, शंभर टक्के माझी!

प्रेमला आत्या : एवढ्या आनंदानं चूक कबूल करणारी पहिलीच पाहिली मी.

रेवती : सापडली म्हणून आनंद, आत्या! सापडली नसती तर रडले असते.

माणिकराव : मंग थो पाचवा शब्द टाक अन् हो मोकळी.

रेवती : आणि उद्या त्यांनी सहावा काढला तर? मला विचारून थोडीच काढतात! पुन्हा हिरवा, पुन्हा कोणाचं तरी धोतर... काका, एक सांगा. तुमच्या पाटीवर खिळे किती?

माणिकराव : चोवीस खोल्या, चोवीस खिळे. अन् कोपऱ्यात एक बिननंबरी.

रेवती : तो काऊन?

माणिकराव : चावीचा बिल्ला पडते कधी कधी. कोन्या खोलीची चावी, समजत नाई. थे तिथं टांगाची. मंग टोंगळे दुखो का काही होवो, वर जाऊन दारं पाह्याची. तवर थे चावी कोनाले देयाची नाई.

रेवती : मग तुम्ही असं नाही समजत की माहीत नाही, म्हणजे रिकामीच असेल?

माणिकराव : येडी झाली काय वं? माहीत नाई म्हंजे माहीत नाई. रिकामी कशी होईन थे?

रेवती : काकाऽऽ! तुम्हाला कोड लिहिता येतो! आत्या, यांना कोड लिहिता येतो!

माणिकराव : बाई, पोरीले चहा द्या. ऊन लागलं हाये तिले.

(पावणेचार वाजले आहेत. शिडी अजून भिंतीला टेकलेली आहे.)

रेवती : पाहा! आठ नंबर!

प्रेमला आत्या : पिवळा झाला. ‘वर जाऊन पाहा’... हे तू लिहिलंस?

रेवती : न कळलेला कोणताही शब्द आला की पिवळा. हिरवा कधीच नाही. काकांचा बिननंबरी खिळा मी बोर्डात ठोकला!

माणिकराव : आठचं आता सगळ्याइले माहीत हाय. त्यात काय मोठं?

प्रेमला आत्या : ते पाहा, रिक्षा आल्या मेहकरवाल्यांच्या. माणिकराव, अकरा, बारा आणि तेरा द्या. तिन्ही सकाळीच सुटल्यात... अहो, बाराची चावी कुठे? पाटीवर तिच्या खिळ्याला नाही.

माणिकराव : बिननंबरीवर.

प्रेमला आत्या : बिल्ला तर आहे तिला!

माणिकराव : बिल्ला हाय. पन बारा नंबर टीव्हीवर पिवळा हाय. आत्ता झाला, आठच्या संगंच. मी पाह्यून येतो, तवर देऊ नका.

रेवती : काका, तुमचे गुडघे! मी जाते ना.

माणिकराव : टोंगळे माहे हायेत. खोली लोकाइची हाय.

प्रेमला आत्या : रेवती, बाराला काय झालं असेल गं? मला तर वाटतं, तुझं काही तरी पुन्हा...

माणिकराव : (जिन्यावरून) बाई! बाराच्या न्हानीत घोटाभर पानी! नळ फुटला हाय!

प्रेमला आत्या : अगं बाई! सकाळचे लोक सांगून गेले होते, नळ गळतो म्हणून. मीच फोनमध्ये कंपनीच्या ॲपवर दाबलं, ‘दुरुस्ती’. नवीन बटण दिसलं, दाबून टाकलं आणि विसरले.

रेवती : दुरुस्ती? हा शब्द तर मी कधी पाहिलाच नव्हता! कोडात कुठंच नाही! आणि तरी पकडला! आत्या, सहावा शब्द पकडला मी!

प्रेमला आत्या : पकडलास गं बाई, पकडलास. आता माझा हात सोड, पाहुणे बघतायत. बाराऐवजी चौदा दे त्यांना. हिरवी आहे ना?

रेवती : हिरवीगार! ही खरी हिरवी!

प्रेमला आत्या : चार वाजले, माणिकराव. शिडी न्या आत.

माणिकराव : राहू द्या शिडी. चढ वं पोरी, मी धरतो. टीव्ही जरासा तिरपा हाय, थेवढा सरळ कर.