आप्पांच्या फोनात टिकंना

माझं माहेर उजनीच्या पान्याकाठचं. आमचं खरं गाव धरणात गेलं आन् वर माळावर नवं वसवलं, तितं माझा जल्म. नाव माझं शालन. आमचे आप्पा पान्याच्या मोटारी भरायचे. भरायचे म्हंजे जळलेल्या मोटारीतली काळी पडलेली तार उपसून काढायची आन् नवी तांब्याची तार वेढे घालून बसवायची. उन्हाळ्यात धरणाचं पानी मागं सरकतं, मंग मोटारी बी पान्याच्या मागं मागं न्याव्या लागत्यात, पाईप वाढवायचा, केबल वाढवायची, आन् कुनाची ना कुनाची मोटार जळायचीच. मी पोरगी असून त्यांच्याजवळ बसून वेढे घालायची. आई म्हनायची, अवो तिला भाकरी शिकू द्या, आन् आप्पा म्हनायचे, भाकरी काय पळून जाती व्हय.

लग्न होऊन सोलापुरात आले. मालक रिक्षा चालवत्यात, घरात सासूबाई हायत. हाताला बारीक कामाची सवय व्हती म्हनून मोबाईल रिपेरिंग शिकले आन् हितं जुळे सोलापुरात जिन्याखाली हे दुकान टाकलं. तुमच्यासारख्या बायका लई येत्यात माझ्याकडं. फोनात घरचे फोटो असत्यात, बाप्या मानसाच्या हातात द्यायला नको वाटतं की.

आई गेली तवा आप्पांना हिकडं आनलं. सासूबाई बोलायला तिखट, पन पयल्या दिवशी त्यांनीच खोलीतली आपली पेटी हलवून आप्पांची खाट टाकली, हे मी विसरनार न्हाय. पयलं पयलं आप्पांचं चष्मा विसरनं, जेवलो का न्हाय ते विसरनं, एवढंच. मंग एकदा पलीकडच्या बिल्डिंगीत जाऊन बायांना विचारत बसले, तुमच्या मोटारीचा स्टार्टर कुटं हाय, मला बोलावलंय. डॉक्टर म्हनले, हा आजार म्होरंच जातो, मागं येत न्हाय, त्यांना एकटं सोडू नका. आता काय सांगू तुमाला ताई, ज्या मानसानं सारा जल्म उघड्यावर काढला त्याला खोलीत कसं धरायचं?

म्हनून मी फोनाचं काम केलं. इंजिनिअरिंगला जानारी एक पोरगी गिऱ्हाईक हाय माझी, तिच्याकडनं एक ॲप बनवून घेतलं. फोन चालू असला की आप्पा कुटं हायत त्याचा मेसेज माझ्या नंबरावर यायचा, बाकी काय न्हाय. पन आप्पांचा हात! मशीन दिसलं की खोलून बघायचं ही जल्माची सवय. फोन जरा तापला की म्हनायचे, हा जळनार शालन, आन् दिसंल ते दाबायचे, आन् दाबता दाबता सगळं पुसायचं बटन त्यांना बरोबर घावायचं. फोन कोरा. ॲप बी गेलं.

तवा त्यांचा फोन जुना व्हता. तुमाला सोपं करून सांगते. फोनात दोन भाग असत्यात. एकात आपलं सामान, फोटो, ॲप, ते रिसेटला पुसलं जातं. दुसरा भाग सिस्टीमचा, तो कंपनी भरती, तो फोन निस्ता वाचतो, त्यात आपल्याला लिहिता येत न्हाय. फोन रूट केला की आपल्याला मालकाचा हक्क मिळतो, मंग त्या जुन्या फोनांत सिस्टीमचा भाग लिहायला उघडता यायचा. मी उघडला, ॲप आत ठेवलं, पुसलेला फोन सुरवातीला भाषा विचारत बसतो ते बी काढून टाकलं, आन् परत बंद केला. मंग आप्पांनी किती बी पुसू दे, फोन चालू झाला की ॲप चालू. आप्पा पार्कात, आप्पा चौकात, आप्पा बसले देवळाच्या पायरीवर, मला दुकानात बसून सगळं कळायचं. लई बरे दिस गेले ते.

पन जुन्या फोनाचं आयुष्य किती? बॅटरी फुगली, पाठ उचलली, बोर्ड बी गेला. तसलं मॉडेल कुटं मिळंना. नवा फोन घेतला, रूट केला, सगळं नीट झालं. सिस्टीम लिहायला उघड म्हनलं तर फोन म्हनतो, रीड ओन्ली, म्हंजे निस्तं वाचा, लिहू नका. परत म्हनलं, परत रीड ओन्ली. आवो मालकाचा हक्क माझा, आन् फोन मलाच न्हाय म्हनतोय. शोधलं तवा कळलं, नव्या फोनांत कंपनी तो भाग असा गच्च दाबून भरती की आत एक फाईल ठेवायला जागा न्हाय, आन् काय हलवलं तर फोन सुरू होतानाच तपासून बघतो आन् अडून बसतो. एक युक्ती हाय, सिस्टीमवर चादर टाकल्यावानी ॲप वरनं ठेवायचं, फोनाला वाटतं आतलंच हाय. केलं. पन ती चादर ठेवलेली असती आपल्या सामानाच्या भागात. आप्पांनी पुसलं की चादर बी गेली.

मंग सगळा भागच बाहेर काढून, सैल करून, परत भरून बघितला. फोन कंपनीच्या नावावर अडकला. उजेड पडायचा, नाव यायचं, विझायचं, परत उजेड. आप्पा तवा हितंच त्या स्टुलावर बसले व्हते. वाकून बघितलं आन् म्हनले, शालन, अर्थिंग तपास. मला हसू बी आलं आन् रडू बी आलं. तवा नाव तरी घेत व्हते माझं. फोन मी परत कंपनीचं सॉफ्टवेअर टाकून जागा केला, आन् वरची चादर टाकून त्यांच्या गळ्यात अडकवला. दुसरं काय करनार?

एका दुपारी सासूबाईंचा डोळा लागला आन् आप्पा निघाले. मेसेज आला, स्टँडजवळ. मंग एकदम बंद. मला कळलं, पुसला. फोन लावला तर निस्ती रिंग जायची, आप्पा उचलंनात. दुकानाचं शटर वढलं, मालकांना फोन केला, रिक्षातनं स्टँड पालथं घातलं, रेल्वे स्टेशन बघितलं. पोलिसांनी विचारलं, फोन हाय ना त्यांच्याकडं? हाय म्हनले, पन त्यात मी न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी माहेराकडनं फोन आला. धरणात मासे धरनारा, काठाला थोडं रान करनारा एक मानूस, गावातनं माझा नंबर घेऊन बोलत व्हता. ताई, तुमचे आप्पा हितं आमच्या मोटारीपाशी बसल्यात, लाईट बंद केलीया आमी, घाबरू नका, पन उठंनात. सांजेला यष्टीनं आले, भाकरी खाल्ली, आमच्या खोपीत झोपले, आन् उजाडल्यापास्नं मोटार खोलत्यात.

आमी पोचलो तवा ऊन चढलं व्हतं. पानी लांब गेलेलं, सगळा चिखल वाळून भेगाळलेला, आन् आप्पा उकिडवे बसून एकेक बोल्ट काढून वळीनं मांडत व्हते, हात अगदी पयल्यावानी. मी म्हनले आप्पा, चला घरी. त्यांनी वर बघितलं. म्हनले, तुमची मोटार कुटली बाई? थांबा जरा, यांची झाली की येतो तुमच्याकडं.

मालकांनी तोंड फिरवलं. मी खाली बसले. म्हनले, आमची सोलापूरला हाय, पार जळलीया, तुमच्याबिगर कुनाला जमत न्हाय. तर लगीच उठले. गाडीत सारा रस्ता मला विचारत व्हते, किती पावरची हाय, कवा जळली, वास आलता का. मी आपली सांगत राह्यले.

तवापास्नं दाराला कुलूप असतं. मी न्हाय म्हनत व्हते, सासूबाई म्हनल्या, मंग तू सांग काय करू, माझ्या डोळ्यावर भरवसा हाय का तुझा? कुलूप मंग मीच आनलं. आप्पा दाराशी येत्यात, चिडत न्हाईत, हळू म्हनत्यात, बाई, तेवढं दार उघडता का, मानसं वाट बघत असतील. फोनाचा नाद मी सोडला. कोन म्हनतं म्होरं काय तरी निघंल, निघंल बी, पन आप्पांना तवर दम हाय का?

घ्या, झाला तुमचा फोन. वडील हायत ना तुमचे? हायत? मंग घरी जाऊन त्यांच्याशी बोला ताई. काय बोलायचं नसलं तरी चालंल. तुमाला नावानं हाक मारू द्या, आन् लई वर्सं मारू द्या.