त्या डेंटिस्टचं काय?

नाही, पण टाळ्या कसल्या वाजवता? मी थेटरात उभी राहून हेच विचारलं! तुम्हाला सांगते, पिक्चरमधल्या त्या हिरोइनचं लग्न ठरलेलं, मुलगा डेंटिस्ट, सरळ, हिच्या आजीची कवळीसुद्धा फुकट बसवून दिलेली त्यानं, आणि ही मांडवातून पळते कुणाबरोबर, तर मोटारसायकलवरून डोंगर हिंडणाऱ्या एका दाढीवाल्या रिकामटेकड्याबरोबर! आणि डेंटिस्ट काय करतो? हसतो! शेरवानी घालून म्हणतो, "जा, तुझं आयुष्य जग..." आणि काशीमीऱ्याचं अख्खं थेटर टाळ्या पिटतंय! म्हटलं, अहो, त्या डेंटिस्टचं काय? मागून एक जण, "आंटी, बैठो ना, पिक्चर है!" म्हटलं, "पिक्चर है तो क्या हुआ? शादी तो शादी है ना!"

बाजूला आमचे हे पॉपकॉर्नमध्ये तोंड खुपसून, पलीकडे लेक रसिका आणि तिच्या शेजारी निकेत, आमचा होणारा जावई... दिवाळीनंतर लग्न, हॉलसुद्धा ठरलेला.

बाहेर पडून डोसा खायला बसलो, तरी मी थांबते कसली! म्हटलं, मन बदललं ना, बदलू दे, मनच ते! पण आधी सांग ना! समोर बसून, तोंडावर सांग, रडू दे त्याला, चिडू दे! मांडवातून पळायचं आणि वर त्यानं हसून टाटा करायचा? ह्याला प्रेम नाही, भित्रेपणा म्हणतात! त्या डेंटिस्टचं काय?

आणि रसिका रडायलाच लागली. मला वाटलं, सांबार तिखट लागलं. तर म्हणते, "आई, मग मी आत्ताच सांगते. निकेत, ऑफिसमधला एक जण मला आवडायला लागलाय. त्याला ठाऊकसुद्धा नाही. पण हे लपवून मी तुझ्याशी लग्न नाही करू शकत."

वेटर विचारतोय, "और कुछ?" आणखी काय हवं, बाबा!

निकेत हसला नाही हां. पांढराफटक पडला. म्हणाला, "तुझं आयुष्य जग वगैरे मी म्हणणार नाही, रसिका. मला खूप लागलंय हे. पण नंतर कळलं असतं तर..." आणि डोसा तसाच टाकून उठून गेला.

हे म्हणतात, "दे अजून भाषणं!" देणारच! नणंद उर्मिलाचा फोन, "वहिनी, रसिका गप्प राहिली असती तर काय बिघडलं असतं? लग्नानंतर विसरतात मुली!" म्हटलं, "विसरतात की गप्प बसतात, विचारलंयस कधी कुणाला?" फोनच ठेवला तिनं. ठेव!

आणि तोंड लपवून नाही बसलो आम्ही! रसिकाला घेतलं, हाटकेशहून रिक्षा केली, थेट केबिन रोडला निकेतच्या घरी. त्याच्या आईनं पाणीसुद्धा विचारलं नाही. बरोबरच आहे, मीही नसतं विचारलं! काय काय बोलल्या त्या... रसिकानं सगळं ऐकून घेतलं, एकदाही 'पण' म्हणाली नाही. शेवटी एवढंच, "काकू, मी उशीर केला. चूक माझी." तुम्हाला सांगते, आमच्याच घरात राहून ही एवढी मोठी कधी झाली, मला पत्ताच नाही!

निकेत खाली रिक्षापर्यंत आला. म्हणतो, "काकू, मी माफबिफ काही केलेलं नाही." म्हटलं, "नकोच करूस, बाळा. इतक्यात तर मुळीच नको." मान हलवली आणि गेला.

आणि तो ऑफिसमधला? रसिकानं धीर करून त्याला सांगितलं, तर त्याचं आधीच कुठेतरी ठरलेलं! म्हणजे हाही गेला, तोही नाही. हे मला विचारतात, "मग मिळवलं काय आपण?" म्हटलं, रसिकाला विचारा! ती म्हणते, "बाबा, मला रात्री झोप लागते आता." झालं तर मग!

आता मला विचाराल, तर मला अजूनही निकेतच आवडतो... पण करणार काय, लग्न मला थोडीच करायचंय!