दाजींची बेटाला प्रदक्षिणा

...आन वर मलाच म्हणत्यात, "गेणभाऊ, तुमची मजा हाय राव, इमानात बसलात, अंदमान फिरून आलात." मजा? अहो पावणं, मी त्या होडीत सकाळपासनं उलट्या करत व्हतो, पोटातलं सगळं संपलं तरी पोट काय ऐकंना, आन खाली पाण्यात आमचे दाजी, साठीला टेकल्यालं माणूस, हात मारत चाललेत, बेटाला प्रदक्षिणा घालत. प्रदक्षिणा देवळाला घालावी, वडाला घालावी, न्हाईच काय भेटलं तर गावाला घालावी... बेटाला? आन ती बी पोहून? बरं, घालायची तर घाला की, पर मला सांगा, त्यात माझं काय काम?

तुमाला पहिल्यापासनं सांगतो, म्हंजे तुमीच ठरवा.

दाजी म्हंजे हौशीराम, येडगावचे. माझी थोरली बहीण साळुबाई, आमची अक्का, निमगाव साव्याची लेक, ती त्यांना दिल्याली. घर धरणाच्या पार कडंला. धरण झालं तवा निम्मं रान पाण्यापल्याड गेलं, तर हा माणूस रस्त्यानं वळसा घालून जाईना, कपड्याचं मुटकुळं डोक्याला बांधायचं आन पोहत जायचं, पोहत यायचं, म्हशीवानी, नाक तेवढं वर. मी म्हणायचो, "दाजी, होडी घ्या की एखादी." तर म्हणायचे, "होडीला गळती लागती, गेणू. मला न्हाई लागत." असा माणूस. बोलतो कमी, आन बोलला की पुढच्याचं तोंड बंद.

मग अक्काच्या किडन्या गेल्या. दोन्ही. आठवड्यातनं दोनदा डायलिसिस, म्हंजे मशीनवर पडून रगत धुवून घ्यायचं, आन मशीन कुठं, तर पुण्यात. पहाटंची येष्टी, मग मंचर, राजगुरूनगर, चाकण, त्यो नाशिक फाटा, तिथलं ट्रॅफिक... दुपारपोतर मशीनवर पडायचं आन तसंच धक्के खात माघारी. जाताना बरी दिसायची बाई, येताना पिळून टाकल्याल्या लुगड्यावानी. दाजी शेजारी ताठ बसून, खांदा तिच्याकडं करून, सगळ्या वाटनं हलायचे न्हाईत. उतरल्यावर त्यांचा खांदा त्यांनाच सरळ करता यायचा न्हाई.

आन पाणी... हे जरा नीट ऐका. किडनी गेली की पाणी अंगातनं भायेर पडत न्हाई, छातीत साठतं. म्हणून डॉक्टरनी सांगितल्यालं, दिवसाला दोन पेले, बास, त्यातच गोळ्या बी घ्यायच्या. धरणाच्या कडंला घर, दारात उभं राहिलं की नजर पुरायची न्हाई एवढं पाणी, आन घरातल्या बाईला पाणी मोजून! ती धुणं धुवायच्या निमतानं खाली जायची आन ओला पदर तोंडात धरून चोखायची. दाजींनी एकदा बघितलं. जवळ गेले, पदर तोंडातनं काढून घेतला आन पिळून वाळत घातला. त्या दिवसापासनं हंडा, कळशी, तांब्या, सगळं वरच्या फळीवर, तिचा हात पुरणार न्हाई असं. मी म्हणलं, "दाजी, एक घोट द्या की माझ्या बहिणीला." तर म्हणले, "तू देतो का? दे. मग छातीत पाणी भरल्यावर पुण्याला बी तूच ने."

तिथं पुण्याच्या वार्डात अक्काच्या शेजारच्या खाटंवर मंचरकडल्या लोणीची एक पोर असायची, प्राची नावाची, कालिजात जाणारी. तिला बी तसंच यावं लागायचं. आईबाप रानात, पोर एकटीच यायची आन एकटीच जायची. अक्का तिला गावाकडच्या एकेकाच्या नकला करून दाखवायची, माझी तर लई करायची, आन हातात सुया असताना दोघी हसायच्या.

आन तिथली डॉक्टरीण, अश्विनी म्याडम, तरणीताठी, पायात बूट. तिनं एक दिवस दाजींना इचारलं, "काका, तुम्ही दिवसभर या स्टुलावर बसून करता काय?"

"काय न्हाई. बसतो."

"आणि घरी?"

"पोहतो."

झाला घात. ही बाई सोता पोहणारी निघाली. दर हिवाळ्यात पुण्यातली हौशी मंडळी अंदमानाला जायची, एका बेटाला पोहत फेरी मारायची आन त्यातनं कुणाकुणाच्या औषधपाण्याला मदत उभी करायची. ती येडगावला येऊन दाजींचं पोहणं बघून गेली, आन मग वार्डात येऊन म्हणती कशी, "काका, एक कंपनी तयार आहे. तुम्ही बेटाची फेरी पूर्ण केलीत, तर नारायणगावच्या धर्मादाय दवाखान्यात ते डायलिसिसची मशीनं बसवून देतील. अट एकच, मधे कुठेही होडीला हात लावायचा नाही. हात लावला की फेरी बाद."

दाजी म्हणले, "नारायणगावला? म्हंजे पुण्याला यायला नगं?"

"नको."

"मग जातो."

एवढंच. किती लांब, किती खोल, पाण्यात काय काय ऱ्हातंय, काय इचारलं न्हाई. आन खाटंवरनं अक्का म्हणती, "जावा की. पण आमच्या गेणूला संगं न्या. तुमी बुडाला तर ह्यो बोंबलंल तरी." सगळा वार्ड हसला. आता बघा, पोहणार दाजी, मशीन देणार कंपनी, आन माझं काम काय, तर बोंबलायचं.

कार्तिकात अक्का गेली. पुण्याला निघायची म्हणून आवरून बसल्याली, पायात चपला, पिशवी मांडीवर. भितीला टेकली ती टेकलीच. दाजींनी आधी तिच्या पायातल्या चपला काढल्या, जोडीनं दाराशी ठिवल्या, आन मग आमाला हाक मारली.

तुमाला सांगतो, दहावा झाल्यावर मला वाटलं, आता संपलं हे बेट-बिट. डॉक्टरणीला फोन करून सांगावं, माणूस ऱ्हायलं न्हाई. गावात बी पारावर म्हणायला लागले, "हौशीराम, आता कुणासाठी जातो रं? जिच्यासाठी जायचं ती तर गेली." दाजी पिशवीत लंगोट भरत व्हते. वर बघितलं न्हाई. म्हणले, "लोणीची पोर अजून येष्टीनं जाती."

झालं. पिशवी माझ्याबी हातात आली.

दोन हजार सात साल ते. सुनामी येऊन गेल्याली अजून डोक्यात ताजी, माझी बायको मंगल तर मला वाट लावताना अशी रडली, की मीच सुनामीत गेलोय. इमानात दाजी खिडकीला बसले, खाली नुसतं निळं निळं, मी डोळं मिटून देवाचं नाव घेतोय आन हे शांत. बेटावर उतरलो, तर माडाची झाडं, पांढरी फेक वाळू, काचंवानी पाणी, माणसं लगीन करून फिरायला आल्याली, हातात हात. दाजींनी त्या जोडप्यांकडं एकदा बघितलं आन दिवसभर खोलीच्या भायेर पडले न्हाईत.

फेरीच्या दिवशी डॉक्टरणीनं त्यांना पोहायचा काळा सूट दिला, घट्ट, अंगाला चिकटणारा. दाजी त्यात ट्रॅक्टरच्या ट्यूबवानी दिसाय लागले. दोन हात मारले आन माघारी येऊन म्हणले, "ह्ये काढा, ह्यात मला माझं अंग सापडंना." शेवटी लंगोट. मग अंगाला व्हॅसलीन, मिठानं कातडं सोलू नये म्हणून. ते लावायचं कुणी? मेव्हण्यानं. सगळ्या परदेशी बाया बघत्यात, आन मी दाजींच्या पाठीला व्हॅसलीन चोळतोय. मला सांगा, हे माझं काम व्हतं का?

होडीवाल्याला मी इचारलं, "मगर है क्या इधर?" तर म्हणतो, "नहीं भाईसाब, मगर उधर आता है." मी म्हणलं, "पक्का?" तर म्हणतो, "इधर कभी-कभी." आमच्याकडं उसातल्या बिबट्याचं अगदी असंच सांगत्यात.

निघाले दाजी. आमी होडीत, मी, डॉक्टरीण आन होडीवाला. पहिली बाजू बेस झाली, येडगावच्या पाण्यात चालल्यागत चालले. पण बेटाच्या मागल्या अंगाला गेलो आन समुद्रानं रूप बदललं. धरणाचं पाणी माणसाला पाठीवर घेतं, ह्ये पाणी थोबाडीत मारतं. समोरनं पाण्याची वढ. हात मारत्यात, मारत्यात, आन शेजारचा खडक तिथंच. ऊन असलं, की होडीची फळी पोळायची. व्हट फुटल्याले, जीभ सुजल्याली, आन तोंड उघडलं की खारट. डॉक्टरीण दोरीला बांधून पाण्याची बाटली टाकायची, तर ते बघायचे बी न्हाईत.

आन मग थांबले. उभ्यानं पाय हलवत, बाटली हातात धरून, नुसते बघत ऱ्हायले.

"गेणू."

"काय दाजी?"

"तिला असंच व्हायचं का रं?"

"कसं?"

"सगळीकडं पाणी. आन पिता येईना."

माझी उलटी बी थांबली.

"मी तिच्या तोंडातला पदर काढला, गेणू."

डॉक्टरीण खाली वाकून म्हणली, "काका, तुम्ही ते केलंत म्हणूनच त्या दोन वर्षं जगल्या."

दाजी म्हणले, "तहानल्याली जगली, म्याडम."

आवं, एवढी शिकल्याली बाई, तिनं मान फिरवली आन बेटाकडं बघत बसली. होडीवाल्याला भाषा कळंना, पण माणूस बघून कळलं असंल, त्यानं हात पुढं केला, "आ जाओ चाचा." हात अगदी जवळ. आन खरं सांगतो, मला वाटलं, धरावा दाजींनी हात. मी म्हणलं बी, "धरा दाजी. बास झालं. अक्का गेली, आता तुमाला बी हितं ठिवून मी गावात कुठल्या तोंडानं जाऊ? त्या पोरीला सांगू काय तरी."

दाजींनी माझ्याकडं बघितलं. "काय सांगशील?" म्हणले.

त्यांनी बाटलीतलं दोन घोट घेतलं, मोजून दोन, बाटली होडीकडं ढकलली, "तिला एवढंच मिळायचं," म्हणले आन डोकं पाण्यात घातलं.

मग थांबले न्हाईत. दिवस कलला तवा वाळूला लागले, उभं ऱ्हाता येईना तर चार पायांवर आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका गोऱ्या बाईनं गळ्यात फुलं घातली. डॉक्टरीण त्यांच्या पायाला हात लावून रडत बसली. कुणीतरी शहाळं फोडून आणलं. दाजींनी ते दोन हातात धरलं, बराच वेळ आत बघितलं, आन माझ्याकडं सरकवलं. "तू पी. सकाळधरनं तुझी आतडी रिकामी झाल्यात."

कंपनीनं शब्द पाळला. फुडल्या पावसाळ्याच्या आत नारायणगावला मशीनं आली. उद्घाटनाला एक पुढारी आले, म्हणाले, "हौशीरामभाऊंनी हिंदी महासागर पालथा घातला." दाजी मागं खुर्च्या लावत व्हते. प्राची पयली त्या खाटंवर झोपली. तिचं येष्टीनं पुण्याला जाणं सुटलं.

आता तुमी म्हणाल, झालं की मग गोड. व्हय, झालं. पण अक्काला न्यायचे ते दिवस आले, की दाजी आपसूक आवरून निघायला लागले. जायचे कुठं, तर त्या दवाखान्यात. मी बी जायचो, एकट्याला कसं सोडू? पयल्या दिवशी नवी शिष्टर म्हणली, "बाबा, तुमचं पेशंट कोणतं?"

"माझं पेशंट न्हाई."

"मग बाहेर बसा. आत फक्त नातेवाईक."

मी चढलोच, "अवो बाई, ही मशीनं कुणामुळं..." तर दाजींनी माझं मनगट धरलं. "बरोबर हाय त्यांचं. गर्दी झाली की पेशंटला तरास व्हतो." आन जाऊन भायेर बाकड्यावर बसले.

आतनं प्राचीचा आवाज आला, "सिस्टर, माझे काका आहेत ते. येऊ द्या."

गेले. स्टूल वढलं, बसले, भितीला डोकं टेकलं आन घोरायलाच लागले. शिष्टर उठवायला आली तर पोरीनं मानंनंच न्हाई म्हणलं. मशीन संपल्याचा पी पी आवाज झाला तवा दाजी दचकले, डोळं न उघडता म्हणले, "झालं का गं साळे? चल, पदर सावर, येष्टी जाईल."

मी खिडकीकडं तोंड केलं.

पोर म्हणली, "झालं काका. चला."

तिला घरी जायला मंचरची येष्टी धरायचीच असती. दाजी तिची पिशवी घेत्यात, ष्ट्यांडवर जात्यात, आन गाडी लागली रं लागली की गर्दीत घुसून खिडकीतनं आपला टावेल आत टाकत्यात, पोरीला खिडकीची जागा धरायला. ती बसती. गाडी हालती. दाजी हात करत उभे ऱ्हात्यात, पार वळणाआड जाईपोतर. आन टावेल गाडीतच. दर खेपंला. पोर फुडल्या खेपंला धुवून आणती, तर ते म्हणत्यात, "ऱ्हाऊ दे तुला," आन परत नवा टाकत्यात.

मी आता बाजाराला गेलो, की भाजीच्या आधी एक टावेल घेतो... दुसरं काय करणार?