नैवेद्याआधीची साखर

"मैथिली, आज जरा आवरतं घे गं. डोकं ठणकतंय माझं."

मंडळी, ऐका. हे मला द्वारकाकाकू म्हणाल्या. गेल्या वैशाखात, याच देवळात, उत्सवाच्या शेवटच्या दिवशी. आणि मी काय म्हणाले? ऊन आहे काकू, पित्त झालं असेल, बाम लावा! एवढं बोलून चिपळ्या उचलल्या आणि कीर्तनाला उभी राहिले. एम.ए. झालेली बाई मी. काकूंना बारा वर्षं मधुमेह आहे, सकाळी इन्शुलिन घेतात, हे सगळं मला ठाऊक. तरी बाम!

तर आजचा प्रश्न असा. देव उपाशी राहू नये म्हणून माणसानं उपाशी राहावं का? माना डोलावू नका लगेच. आधी ऐका.

नव्या मंडळींसाठी सांगते. या उत्सवाचा नैवेद्य तीस वर्षं द्वारकाकाकू रांधतात, सोवळ्यात. देवीला दाखवल्याशिवाय चव घेणं नाही, तोंडात कण टाकणं नाही; बिनसाखरेचं चहापाणी आणि औषध तेवढं चालतं. त्या दिवशी साडेसातला त्यांनी इन्शुलिन घेतलं आणि वर अर्धा कप बिनसाखरेचा चहा. नैवेद्य बाराला, तोवर निभेल असा हिशोब.

पण बाराला नैवेद्य होऊ देतील ती आपली माणसं कसली? आधी अध्यक्षांचं मनोगत. मग सत्कार — शाल, नारळ, फोटो, पुन्हा फोटो, कारण पहिल्यात कोणाचे तरी डोळे मिटलेले. मग मी. आवाज लागला होता माझा. तुम्ही दाद देत होतात, मी ताणत होते. एक वाजून गेला.

तिकडे स्वयंपाकघरात काय चाललंय? काकूंनी कपाळाला ओला रुमाल बांधलेला. हात थरथरतायत, घामानं पाठ भिजलीय. मदतीच्या बायकांनी काळजी घेतली हो, नाही असं नाही. एकीनं डोकेदुखीची गोळी दिली. दुसरीनं कोकमाचं पाणी दिलं. त्यात साखर? छे! मधुमेहाच्या बाईला साखर कशी द्यायची? सगळ्यांनी निदान केलं — चुलीची धग, जागरण, पित्त, कोणी तर दृष्टसुद्धा काढली. सकाळपासून खाल्लंय काय, हे मात्र एकीनंही विचारलं नाही. आणि काकू समोरच्या कढईत शिरा ढवळतायत. पाच किलो साखरेचा!

इकडे मी रंगात. माझी दहा महिन्यांची लेक स्वयंपाकघराबाहेर झोळीत होती, काकूंच्या नजरेखाली. ती रडायला लागली. मी एक ओवी म्हटली. ती रडतेय. दुसरी म्हटली. रडतेयच. आणि एकदम माझ्या लक्षात आलं. काकू पोरीला इतका वेळ रडू देणाऱ्या नाहीत.

चिपळ्या हातात तशाच, मी धावले.

काकू भिंतीला टेकून बसलेल्या. डोळे उघडे, पण ओळख पटत नव्हती. जीभ जड झालेली. त्यांच्या पिशवीतून साखर मोजायचं मशीन काढलं, बोट टोचलं. बावन्न! सत्तरच्या खाली गेलं की धोका, आणि इथे बावन्न. मी साखर पाण्यात कालवून तोंडाशी नेली, तर बाईनं ओठ घट्ट मिटले.

"नैवेद्य व्हायचाय," म्हणाल्या.

सांगा आता. शुद्ध हरपत आली होती, पण नेम पक्का. मी विनवलं, रागावले, देवी आई आहे म्हणून समजावलं. मान हलेना. शेवटी आपले दामले गुरुजी गाभाऱ्यात गेले आणि वाटी घेऊन आले.

"द्वारकाबाई, ही सकाळच्या नैवेद्याची साखर. देवीनं घेतलेली. प्रसाद नाकारता?"

तेव्हा ओठ उघडले. गिळता येतंय ना ते बघितलं, चार चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली. बेशुद्ध असत्या तर एक थेंब घातला नसता, सरळ दवाखाना. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं — चौऱ्याऐंशी. मग गुरुजींनी नैवेद्य दाखवला आणि मी वरणभात भरवला. मला विचारतात कशा, "पोरगी का रडतेय गं?"

डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा रागावले ते मलाच. इन्शुलिन घेतलं आणि जेवण लांबलं की साखर उतरते, आणि कित्येकांचं डोकं ते सगळ्यात आधी सांगतं. साखर फार चढली तरी डोकं दुखतं. मग कळायचं कसं? मोजून! बाम लावून नाही. आणि डोकं अचानक फुटेल असं दुखलं, दिसायला अंधुक झालं, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले, तर मोजत बसण्यात वेळ घालवायचा नाही, निघायचं. उपास, नेम करायचाय? करा, पण औषधाच्या वेळा आधी डॉक्टरांना विचारून. इतकं साधं आहे, मंडळी, की राग येतो.

आता तुमच्याकडे वळते. तुमच्या घरी कोणीतरी आहे — आई, सासू, आत्या, शेजारचे काका. गोळी घेतात, इन्शुलिन घेतात, आणि अधूनमधून म्हणतात, जरा डोकं धरलंय. बरं वाटतंय का, असं विचारू नका. त्याचं उत्तर "काही नाही रे" असंच येतं. काय खाल्लंस, किती वाजता खाल्लंस, साखर मोजलीस का, असं विचारा. आकडा सांगेपर्यंत फोन ठेवू नका.

लावा फोन. मी थांबते.