सून बेल उचलत नाही

महानंदा : आमच्या सासूबाई म्हणायच्या, "महानंदे, माणसाच्या हाताकडं बघू नको, ओठाकडं ध्यान ठिव. बाटणारा आधी ओठात बाटतो." म्हून इचारते, शिवांगी. जेवायच्या आधी डोळे झाकून काय पुटपुटतीस?

शिवांगी : पाठ करते, आत्याबाई. उद्या नांदेडला विद्यापीठात सरांपुढं बोलायचंय. अर्धा तास.

महानंदा : ताटावर बसून पाठ करतेत व्हय?

शिवांगी : स्वयंपाक, भांडी, धुणं झाल्यावर दुसरा वेळ कुठंय मला? एम. ए.चं शेवटचं एवढंच राहिलंय. उद्या चुकलं की वर्ष गेलं.

महानंदा : आन हे पुस्तक? ह्याच्यावर क्रूस हाय. तुझ्या उशाखाली घावलं.

शिवांगी : घावलं कसं? तिथंच असतंय. रोज अंथरूण तुम्हीच उचलता. लपवायचं असतं तर तिथं ठेवलं असतं का?

व्यंकटी : वैनी, मी सांगतो. मी सख्खा दीर तुमचा, खोटं कशाला बोलू? गेल्या ऐतवारी लातूरला बियाण्याला गेलतो. ही बाई चर्चच्या फाटकातून भाईर येऊन राहिली. डोक्यावर पदर. मला बघून हासली बी!

शिवांगी : काका, घरचं माणूस दिसल्यावर हसायचं न्हाई तर काय रडायचं?

व्यंकटी : बघा, जबान बघा पोरीची!

महानंदा : भावजी, तुम्ही थांबा. मला इचारू द्या. काय काम होतं गं तिथं?

शिवांगी : हे पुस्तक तिथल्या फादरांकडंच मिळालं. माझा विषय हाय तो. ब्रेंडल म्हणून जर्मनीचे एक फादर होते, मागच्या शतकातले. कॅथलिक लोकांमधले मोठे धर्मचिंतक. त्यांचा विचार काय आन तो त्यांना कुठून सुचला, ह्याची मराठीत ओळख करून द्यायची.

व्यंकटी : आपल्यातले साधुसंत संपले व्हय?

शिवांगी : सरांनी चिठ्ठ्या टाकल्या, काका. मला हे आले. रेणापूरच्या एका पोराला देवच न्हाई म्हणणारं मत आलंय. त्याच्या आईनं तर पेढे वाटले विषय मिळाला म्हणून.

महानंदा : हासू नको. सांग, काय म्हणतोय तुझा फादर?

शिवांगी : ते म्हणतात, श्रद्धा म्हणजे पुरावा बघून पटलेली गोष्ट न्हाई. श्रद्धा म्हणजे दिलेला शब्द. देवाकडून उत्तर आलं तरी पाळायचा, न्हाई आलं तरी पाळायचा.

महानंदा : ह्यात नवं काय? माझे सोमवार कसे चाललेत मग?

व्यंकटी : असंच गोड लावतेत, वैनी! आधी बोट धरतेत, मग दंड. भोकरकडं माझ्या साडूच्या गावात असंच झालं म्हणतेत.

शिवांगी : तुम्ही बघितलं का, काका?

व्यंकटी : बघायला कशाला लागतंय? चार लोकं बोलतेत. बरं, फजूल बोलणं नको. हा घ्या बेल, येताना तोडूनच आणलाय. भंडारा देव्हाऱ्यात हायच. खंडोबाची आण घेऊन म्हणू द्या, "माझ्या मनात दुसरा देव न्हाई." एका मिनटात खुलासा. मग खुशाल जाऊ द्या नांदेडला.

महानंदा : उचल बाई. तुझ्या सासऱ्याच्या माघारी ह्या घराचं बरंवाईट मलाच बघावं लागतंय. उचल आन मोकळी हो.

शिवांगी : न्हाई उचलणार.

व्यंकटी : ऐकलं? निघालं का न्हाई पोटातलं?

महानंदा : शिवांगी, कामून न्हाई?

शिवांगी : आत्याबाई, ज्याला खरंच बाटायचंय, तो सगळ्यांच्या आधी बेल उचलीन. खोट्याला कशाचं भ्या?

महानंदा : आन खऱ्याला?

शिवांगी : खऱ्याला लाज वाटती. आपल्या शब्दाला काडीची किंमत न्हाई म्हणून मधी देवाला उभा करायचा.

महानंदा : हे तुझं का फादरचं?

शिवांगी : निम्मं निम्मं. त्यांच्या देशात एक हुकूमशहा होता. त्याच्या नावानं शपथ घ्या म्हणले, ह्यांनी घेतली न्हाई. तुरुंगात टाकलं. त्यांच्या धर्मग्रंथात शपथेला मनाईच हाय, ते त्यांच्या विचाराचं एक मूळ. वाळवंटात राहणारे जुने ख्रिस्ती संन्यासी शब्द जपून वापरायचे, ते दुसरं. आन तुरुंगात एक म्हातारा सोबती होता, रोज आपल्या हिश्शाचा पाव मोडून द्यायचा. कधी "देईन" म्हणाला न्हाई. ते सगळ्यात मोठं, असं फादरच लिहितात.

महानंदा : तुझा फादर सुटला का मग?

शिवांगी : सुटले. पण नंतर त्यांच्याच धर्माच्या वरिष्ठांना शक आला, ह्याचा विचार वाकडा हाय. लिहायला बंदी घातली. कैक वर्षं.

महानंदा : मग सोडला असंल धरम.

शिवांगी : न्हाई. सोडला बी न्हाई, चोरून लिहिलं बी न्हाई. गप राहिले.

महानंदा : ... भावजी, तुम्ही जरा ओसरीवर बसा. चहा पाठवते.

व्यंकटी : वैनी, पाघळू नका!

महानंदा : बसा म्हणलं ना.

शिवांगी : आत्याबाई, तुम्ही उचलला होता का कधी बेल?

महानंदा : कुणी सांगितलं तुला?

शिवांगी : कुणी न्हाई. काकांनी पानं पुढं केली तर तुम्ही हात मागं घेतला.

महानंदा : मी बिदरकडची. माहेरचा देव मैलारमल्लण्णा, तिकडचा खंडोबाच तो. माझी माय लक्ष्मम्मा कानडीत आळवायची, तेच माझ्या तोंडात. इथं नवी सून म्हणून आले, चुलीपुढं पुटपुटायचे. सासूबाईला वाटलं मी करणी करून राहिले. सगळ्या भावकीपुढं उचलायला लावला बेल.

शिवांगी : उचलला?

महानंदा : दोन्ही हातांनी.

शिवांगी : मग गेला का त्यांचा शक?

महानंदा : कुठला! मरेस्तोवर माझ्या हातचं पाणी आधी मांजराला पाजायची, मग आपण प्यायची. आन मी कानडी आळवणं सोडलं ते सोडलंच. आता अर्धं आठवत बी न्हाई.

शिवांगी : आत्याबाई...

महानंदा : कढ आणू नको. शक माझा बी गेला न्हाई. तो हाय. पण उद्याचं मन कसं असंल हे आज कुणी सांगावं? म्हून ते इचारत न्हाई. एकच कर. देवळात जा, चर्चात जा, दर्ग्यात जा. जायच्या आधी मला सांग. भाईरच्या तोंडून मला कळू नये.

शिवांगी : सांगून जाईन.

महानंदा : झालं तर. चहा दे त्यांना.

व्यंकटी : उचलला का?

महानंदा : शब्द दिला तिनं.

व्यंकटी : बेलाबिगर? कुणाला दिला?

महानंदा : मला.

व्यंकटी : आन फिरली तर?

महानंदा : तर मी फसले. तुमचा चहा निवायलाय, भावजी.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, दारात.)

शिवांगी : आत्याबाई, येते मी.

महानंदा : हाव. बोलताना घाई करू नको. घाईत तू शब्द खातीस.

शिवांगी : आन... येताना लातूरला उतरणार हाय. चर्चला. पुस्तक परत करायचंय. थोडा वेळ आत बसणार बी हाय. तिथं लई शांत असतंय.

महानंदा : बसणार?

शिवांगी : हाव.

महानंदा : ... ऐकलं मी. पायरीवर आत्ताच सडा टाकलाय, बघून उतर.